दोन अक्षरांच्या खाटा

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात शिरल्या शिरल्या उजव्या हाताला एक काळा फळा होता आणि त्या फळ्यावर एकतीस वर्षं एकाच माणसाचं अक्षर होतं. म्हणून लोक त्याला फळेकर म्हणायला लागले. नवीन आलेल्या सिस्टरना ते आडनावच वाटायचं. फळेकर रजेच्या अर्जावर आपलं खरं नाव लिहीत, तेव्हा वरच्या ऑफिसातून खाली फोन यायचा की हा माणूस कोण आणि तो आपल्याकडे कधीपासून आहे.

काम सोपं होतं, म्हणजे ऐकायला सोपं होतं. इस्पितळात चार वॉर्ड, अ, ब, क आणि ड. प्रत्येकात नऊ खाटा. पहाटे साडेपाचला कामावर यायचं, सहाला वही घेऊन वॉर्ड फिरायचे, प्रत्येक खाटेवरच्या माणसाने आज काय खायचं ते सिस्टरकडून लिहून घ्यायचं आणि खाली येऊन फळ्यावर मांडायचं. जेवणाचे नऊ प्रकार होते आणि त्यांना नंबर होते. एक म्हणजे साधं, दोन म्हणजे मऊ, तीन पातळ, चार बिनमिठाचं, पाच बिनसाखरेचं, असं करत करत नऊपर्यंत. नऊ म्हणजे काहीच नाही. ज्याचं ऑपरेशन असायचं त्याला नऊ. मग फळेकर कोपऱ्यात उभ्या रेघा मारून प्रत्येक प्रकार किती हवा ते मोजत आणि तो आकडा वस्तादला सांगत. वस्ताद म्हणजे मुख्य आचारी. तो आकडा ऐकून मान हलवायचा आणि गॅस पेटवायचा. दुपारी दोनला फळेकर फळा पुसत आणि अडीचला घरी जात.

एकोणतीस वर्षांनी फळेकरांना खोकला लागला. छातीचे डॉक्टर दोनच मजले वर बसत, त्यामुळे दाखवायला वेळ लागला नाही.

"खडू बंद," डॉक्टर म्हणाले.

"मग लिहू कशाने?"

"ते माझ्या खात्यात येत नाही."

ऑफिसने पांढरा फळा आणि शाईचं पेन दिलं. स्वयंपाकघरात सकाळी आठनंतर इतकी वाफ असायची की शाई ओघळायची. पहिल्याच दिवशी बिनमिठाच्या आकड्याचा ओघळ बिनसाखरेच्या आकड्यात उतरला. मग ऑफिसने एक जुना कॉम्प्युटर पाठवला आणि तो कोठीच्या खोलीत बटाट्याच्या पोत्यांशेजारी मांडून दिला. सोबत चिठ्ठी होती की प्रोग्रॅम मागाहून येईल. फळेकरांनी दोन वर्षं वाट पाहिली. तोवर ते तोंडाला रुमाल बांधून खडूनेच लिहीत होते.

या सगळ्यात त्यांच्या मेहुणीचा पाय मोडला.

मेहुणी पडदे काढायला शिडीवर चढली होती. सहा आठवडे प्लास्टर. तिच्याकडे करायला कोणी नव्हतं, म्हणून ती थोरल्या बहिणीकडे, म्हणजे फळेकरांच्या घरी, येऊन राहिली. अठरा वर्षं ती एका कंपनीत प्रोग्रॅम लिहीत होती आणि रिकामं बसणं तिला माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी तिने बसल्या जागेवरून बहिणीच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे नावाच्या अक्षराप्रमाणे लावून घेतले. त्या दिवशी फळेकर घरी आले तेव्हा बायको दारातच उभी होती.

"अहो, हिला काहीतरी काम द्या. नाहीतर मी माझ्याच घरातून निघून जाईन."

फळेकरांनी मेहुणीला फळ्याची गोष्ट सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "भावोजी, याला दोन वर्षं कशाला थांबलात? हे तर पहिल्या महिन्यात शिकवतात."

"मला शिकवशील?"

"पाय बरा होईपर्यंत. पण मी ओरडते."

ती खरंच ओरडायची. रोज तीन ते साडेचार शिकवणी. तिचा पाय स्टुलावर, लॅपटॉप फळेकरांच्या मांडीवर, आणि बायको आतल्या खोलीत दार लावून. पहिले दोन आठवडे सगळं डोक्यावरून गेलं. तिसऱ्या आठवड्यात तिने डिक्शनरी शिकवली.

"घाबरू नका, तुमचा फळाच आहे हा. डावीकडे खाट, उजवीकडे जेवण. डावीकडच्याला की म्हणायचं, उजवीकडच्याला व्हॅल्यू. की सांगितली की व्हॅल्यू मिळते. अ४ काय खातो?"

"पाच."

"बघा. आता प्रत्येक खाटेपाशी जाऊन वाचायचं. त्याला लूप म्हणतात. तुम्ही सकाळी वॉर्डात मारता ना फेरी, तीच."

फळेकरांनी फेरी लिहिली. पडद्यावर छत्तीस खाटा एकाखाली एक आल्या. अ१, अ२, अ३, थेट ड९ पर्यंत. जेवणाचा पत्ता नव्हता.

"खाटा आल्या," फळेकर म्हणाले. "माणसं काय खातात ते आलं नाही."

"तुम्ही काय मागितलंत?"

"यादी."

"नुसती यादी फिरलात की नुसत्या की मिळतात. सगळे नवशिके इथेच पडतात. दोन्ही हवं असेल तर दोन्ही मागावं लागतं." आणि यादीच्या नावापुढे 'आयटम्स' असा एक शब्द जोडायचा, हे तिने सांगितलं. फळेकरांनी तो शब्द वहीत नीट लिहून घेतला, खाली रेघ मारली.

सहाव्या आठवड्यात प्लास्टर निघालं आणि मेहुणी आपल्या घरी गेली. बायकोने त्याच संध्याकाळी डबे पूर्वीसारखे लावले. दुसऱ्या दिवशी फळेकर बटाट्यांच्या पोत्यांशेजारी बसून खरा प्रोग्रॅम लिहू लागले. शिकवणीची वही घरी राहिली होती. फेरीच्या ओळीपाशी ते अडले. दोन्ही मागायचं, एवढं त्यांच्या पक्कं लक्षात होतं. म्हणून जिथे आधी एकटं 'खाट' लिहिलं होतं तिथे त्यांनी 'खाट, आहार' असं दोन्ही लिहिलं. कॉम्प्युटरने काही तक्रार केली नाही. फळेकरांनी ती पोच समजली.

सोमवारी प्रोग्रॅम कामाला लागला. साथीचे दिवस होते, छत्तीसच्या छत्तीस खाटा भरलेल्या. फळेकरांनी वहीतून सगळं टाइप केलं, बटण दाबलं आणि कागद बाहेर आला. साधं चार. मऊ चार. पातळ चार. बिनमिठाचं चार. बिनसाखरेचं चार. नवव्या नंबरापर्यंत सगळं चार चार.

फळेकरांना तो कागद आवडला. एकतीस वर्षांत इतकी नीटनेटकी मोजणी त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी तो वस्तादच्या हातात दिला. वस्तादने तो लांब धरून वाचला, जवळ धरून वाचला, आणि गॅस पेटवला.

दुपारी बिनमिठाची ताटं कमी पडली. साधं उरलं. तिघांना तर ताटच गेलं नाही, कारण कागदाप्रमाणे चौघं उपाशी राहणार होते आणि प्रत्यक्षात एकच जण होता. वस्तादने पुन्हा चुलीपाशी उभं राहून सगळं भरून काढलं, तोवर पावणेदोन झाले. फळेकरांनी सिस्टरना विचारलं की मागाहून काही बदललंत का. साथीचे दिवस असल्यामुळे सिस्टरनाही नक्की सांगता येईना. तेव्हा त्यांनीच काहीतरी बदललं असणार असं ठरलं.

मंगळवारी कागदावर पुन्हा सगळं चार चार आलं.

या वेळी वस्तादने गॅस पेटवला नाही. तो हात पुसत कोठीच्या खोलीत आला आणि दारात उभा राहिला. दार त्याच्या रुंदीचंच होतं.

"फळेकर, काल पातळ किती?"

"चार."

"आज?"

"चार."

"मऊ?"

"चार."

"म्हणजे लोक आता रांगेत बसून, आपापसात ठरवून आजारी पडतात."

"मशीन म्हणतंय तसं."

"मशीनला जाऊ दे. तू सकाळी वर गेला होतास ना? बिनमिठाचे कोण कोण?"

फळेकरांनी डोळे मिटले आणि वही न उघडता सांगायला सुरुवात केली. अ२, अ५, अ६, ब१... वस्ताद बोटांवर मोजत होता. दोन्ही हातांची बोटं संपली आणि एक उरला.

"अकरा," वस्ताद म्हणाला. "मग चार कुठून आणलेस?"

अकरा हा आकडा फळेकरांच्या डोक्यात सकाळपासून होता. कालही तिथे दहा होता. तरीही कागदावर चार आलं तेव्हा चूक आपल्याच डोक्याची, असं त्यांनी धरून चाललं होतं. मेहुणीसमोर सहा आठवडे चुकत राहिल्यामुळे त्यांना आता स्वतःवर विश्वास ठेवायची सवय राहिली नव्हती. त्यांनी रुमाल बांधला, खडू घेतला आणि फळा लिहिला. वस्तादने गॅस पेटवला. दुपारभर फळेकर यादी पुन्हा पुन्हा टाइप करत राहिले, आपण टाइप करताना चुकलो असू म्हणून. दर वेळी चार चार.

बुधवारी ड वॉर्डात जागा पुरेना, म्हणून खिडकीखाली दहावी खाट टाकली. सिस्टरने तिला ड१० असा कागद चिकटवला. फळेकरांनी ती यादीत घातली, बटण दाबलं आणि प्रोग्रॅम बंद पडला. तांबड्या अक्षरात एक इंग्रजी ओळ आली. फळेकरांनी ती शब्द शब्द जुळवून वाचली. दोनच हव्या होत्या, त्याहून जास्त मिळाल्या, असं काहीतरी ते म्हणत होतं.

एक खाट वाढल्याने कॉम्प्युटरचं काय बिघडलं, हे त्यांना कळेना. मेहुणी शिकवताना म्हणायची की कळेनासं झालं की मध्येच छापून बघा. त्यांनी फेरीच्या आत एक ओळ घातली, प्रत्येक खाटेपाशी खाट आणि आहार छापायला सांगितलं. पडद्यावर आलं, खाट अ, आहार १. खाट अ, आहार २. खाट अ, आहार ३.

फळेकर तिथेच बटाट्याच्या पोत्यावर बसले.

खाटेचं नाव दोन अक्षरांचं. कॉम्प्युटर अजूनही नुसत्या कीच देत होता. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या, म्हणून त्याने 'अ४' ही एकच गोष्ट मधोमध मोडली, 'अ' खाट म्हणून दिला आणि '४' जेवण म्हणून. जेवणाकडे त्याने पाहिलंच नव्हतं. चार वॉर्ड, प्रत्येकात एक ते नऊ, म्हणून सगळं चार चार. ड१० ची तीन अक्षरं दोघांत वाटता येईनात, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं.

त्यांनी मेहुणीला फोन लावला. ती आधी बराच वेळ हसली. मग म्हणाली, "तीन अक्षरी खाटा असत्या ना भावोजी, तर सोमवारीच बोंब मारली असती त्याने."

"सोमवारी चूकच होती. मग बोंब मारायला नको?"

"त्याच्या लेखी चूक नव्हती. तुम्ही दोन मागितलेत, त्याने दोन दिले. आयटम्स कुठे गेलं?"

"वहीत."

"वही कुठे गेली?"

फळेकरांनी फोन ठेवला. त्यांनी तो शब्द जोडला आणि बटण दाबलं. बिनमिठाचं बारा आलं. ड१० लाही मीठ बंद होतं. वस्तादने कागद वाचला, आणि तो आकडा वेडावाकडा आहे हे पाहून त्याचं समाधान झालं.

साथ ओसरली तशा खाटा रिकाम्या होऊ लागल्या आणि फळेकर प्रोग्रॅममध्ये दुसऱ्यांदा अडले. घरी गेलेल्या माणसाची खाट यादीतून काढायची होती. त्यांनी फेरी मारता मारताच जी रिकामी दिसेल ती काढून टाक, असं लिहिलं. पहिली खाट काढल्याबरोबर प्रोग्रॅम बंद. चालता चालता यादी लहान झाली, असं तांबडी ओळ म्हणाली. या वेळी त्यांनी फोन केला नाही. वॉर्डात फिरताना ते स्वतः कधीच काही खोडत नसत. जे जायचे त्यांच्या खाटा वहीच्या समासात लिहीत आणि फेरी संपल्यावर फळ्यावर पुसत. तसंच त्यांनी इथे लिहिलं. आधी फिरून जाणाऱ्यांची वेगळी यादी करायची, मग खाली बसून त्यांना काढायचं. ते चाललं. त्या दिवशी त्यांनी बायकोला संध्याकाळी, तिने न विचारताच, सांगितलं की आज आपलं आपल्याला सुटलं. काय सुटलं ते तिने विचारलं नाही, पण चहा पुन्हा टाकला.

कॉम्प्युटर रोजची यादी तारखेसकट ठेवून देत होता. तो तसं का करतो हे फळेकरांना माहीत नव्हतं आणि ते बंद कसं करायचं हेही. दोन महिन्यांनी त्यांच्या मनात आलं की कालची आणि आजची यादी शेजारी शेजारी ठेवली तर वस्तादला काय बदललं तेवढंच वाचावं लागेल. त्यांनी आजच्या यादीवर फेरी लावली आणि प्रत्येक खाटेला कालच्या यादीत विचारलं. फेरी क७ पाशी अडली. क७ काल रिकामी होती, कालच्या यादीत ती नव्हतीच, आणि नसलेल्या खाटेचं जेवण विचारलं की कॉम्प्युटर हातच टेकतो. असेल तर सांग, नसेल तर पुढे चल, हे त्याला आधी सांगून ठेवावं लागतं. फळेकरांनी ते सांगितलं. कागद आला. बदललेल्या सहा खाटा वर, न बदललेल्या खाली.

खालच्यांत एक ओळ होती. ब३, काल नऊ, आज नऊ.

फळेकरांनी परवाची यादी उघडली. ब३, नऊ.

ते ॲप्रन न काढताच जिना चढले. ब वॉर्डाच्या सिस्टर टेबलापाशी औषधं मांडत होत्या.

"ब३ ला नऊ?"

"हो काका, चार्टवर आहे. आज ऑपरेशन."

"काल काय होतं?"

"तेच. आज ऑपरेशन."

"परवा?"

सिस्टरने चार्टची पानं उलटली. परवाच्या पानावर वेगळ्या अक्षरात तेच होतं. ऑपरेशनच्या खोलीतलं एक यंत्र बिघडलं होतं. रोज संध्याकाळी ऑपरेशन एक दिवस पुढे जायचं, आणि रोज सकाळी नवीन पाळीची सिस्टर आदल्या पानावरून उतरवून घ्यायची. पान दर वेळी बरोबरच होतं. सिस्टरच्या हातातली औषधाची वाटी तशीच राहिली.

ब३ वर सत्तरीच्या एक बाई होत्या. शाळेचे कपडे शिवायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. चादरीची उसवलेली कड बोटांनी दुमडत बसल्या होत्या. हाताला सलाइन लावलं होतं.

"आजी, तुम्ही जेवला नाहीत तीन दिवस?"

"नाही."

"भूक नाही लागली?"

"पहिल्या दिवशी लागली होती. मग मला वाटलं, इथे असंच असतं."

"शेजारच्यांची ताटं येत होती ना?"

"येत होती. छान वास यायचा. बिनमिठाचा असला तरी."

"कुणाला विचारलं का नाहीत?"

"सगळे इतके धावपळीत असतात," बाई म्हणाल्या. "तुम्ही रोज सकाळी तिकडे टेबलापाशी उभे राहून लिहून घेता, ते बघत होते मी. म्हटलं, लिहून घेतायत म्हणजे कुणालातरी माहीत असेल."

डॉक्टर आले, त्यांनी चार्ट पाहिला, सिस्टरकडे पाहिलं, आणि आधी पातळ द्या, अगदी थोडं, असं म्हणाले. फळेकर खाली गेले. वस्तादने काय झालं ते विचारलं नाही. पातळ की मऊ, एवढंच विचारलं. ताट फळेकरांनी स्वतः वर नेलं. बाईंनी ते निम्मं संपवलं आणि उरलेलं मागाहून चालेल का, असं विचारलं.

परत येताना फळेकर जिन्याच्या पायरीवर बसले. ब३ पुढे नऊ हा आकडा तिन्ही दिवस त्यांनीच लिहिला होता, आणि तिन्ही दिवस तो बरोबर होता. त्यांना तो फळा आठवला. एकतीस वर्षं रोज दुपारी दोनला ते तो स्वच्छ पुसायचे. पुसायचे म्हणून त्यांना लोक टापटिपीचा माणूस म्हणत. त्या एकतीस वर्षांत असे किती नऊ पुसले गेले असतील, याचा हिशेब करायचा म्हटला तरी काही उरलेलं नव्हतं. सिस्टर खाली उतरत होत्या, त्या एक पायरी वर थांबल्या. मग त्याही बसल्या. वर-खाली करणारी माणसं दोघांना वळसा घालून जात राहिली.

दुसऱ्या दिवशी फळेकरांनी प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली. जिचा नऊ सलग दोन दिवस असेल, ती खाट कागदावर सगळ्यांच्या वर, मोठ्या अक्षरात यायची, आणि तो कागद हातात घेऊन फळेकर स्वतः डॉक्टरांसमोर जाऊन उभे राहायचे. पहिल्या वर्षात तसा कागद पाच वेळा आला. तीन वेळा नऊ बरोबर होता. डॉक्टर वैतागायचे. फळेकर उत्तर मिळेपर्यंत हलायचे नाहीत. ब३ च्या बाईंचं ऑपरेशन नीट झालं आणि घरी जाताना त्या सिस्टरच्या ॲप्रनचं एक सुटलेलं बटण लावून गेल्या.

तीन वर्षांनी, फळेकर निवृत्त व्हायच्या महिन्यात, ऑफिसचा प्रोग्रॅम आला. तो बसवायला दोघं जण आले. त्यांनी फळेकरांना विचारलं की यात काय काय हवं ते लिहून द्या. फळेकरांनी चार पानं लिहून दिली, त्यांत अकरा गोष्टी होत्या. आठवड्याने ते दोघं परत आले. दहा झाल्या होत्या.

"अकरावी राहिली," फळेकर म्हणाले.

"सलग दोन दिवस नऊची ना? ती पुढच्या वेळी घालू. फारशी लागत नाही."

"मी बसतो."

"कुठे?"

"इथेच. घालून होईपर्यंत."

ते बटाट्याच्या पोत्यावर बसले. त्या दोघांतल्या एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. वस्ताद दारात येऊन उभा राहिला होता, त्यामुळे बाहेर जायला तशीही वाट नव्हती. अकरावी गोष्ट घालायला चाळीस मिनिटं लागली. फळेकरांनी मुद्दाम एक खोटी खाट यादीत घातली, तिला दोन दिवस नऊ दिला आणि ती वर आलेली पाहिली. मग खोटी खाट काढली, काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही केली, आणि वॉर्डात चहा पोचला का ते बघायला वर गेले.